जाम नदीकाठचे नागरिकशास्त्र

नागपूरहून सावनेर ओलांडून सौसरकडे निघाले की एका ठिकाणी महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश लागतो. रस्त्यावरच्या पाट्यांची भाषा बदलते. माणसांची मात्र बदलत नाही. शेताच्या धुऱ्यावर चाललेले भांडण, बाजारात चाललेली घासाघीस आणि आईने मुलाला घातलेली हाक ही सारी मराठीतच ऐकू येतात. सौसरजवळच्या जामसावळीला निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनासाठी विदर्भातून गेलेल्या भाविकाला आपण परप्रांतात आलो, असे क्षणभरही वाटत नाही. पांढुर्ण्याचेही तसेच. काटोल, नरखेड ही स्थानके मागे टाकून गाडी पांढुर्ण्याला थांबते तेव्हा सरहद्द केव्हा ओलांडली, हे प्रवाशाला कळतही नाही.

परंतु तेथील शाळकरी मुलाला ती रोज कळते. घरातील भाषा एक आणि राज्यकारभाराची भाषा दुसरी, अशा प्रदेशात वाढणाऱ्या मुलाला समाज म्हणजे काय, न्याय म्हणजे काय आणि जग म्हणजे काय, हे कसे शिकवावे, हा प्रश्न या लेखाचा विषय आहे. तो वरवर शिक्षकांचा वाटतो. वस्तुतः तो आपल्यासारख्या देवस्थानांभोवती जमलेल्या समाजांचाही आहे. कसा, ते पुढे येईलच.

प्रथम या भूमीचा थोडा इतिहास पाहू. छिंदवाड्याच्या डोंगरातील देवगड हे गोंड राजांचे ठाणे. तेथील बख्त बुलंद राजाने १७०२ साली नागपूर वसविले, असे इतिहास सांगतो. म्हणजे ज्या नागपूरला सौसरचा माणूस आज आपली मोठी बाजारपेठ मानतो, ते नगर याच डोंगरांच्या राजाने वसविले. पुढे अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. स्वातंत्र्यानंतर त्याच प्रांताचा मध्य प्रदेश झाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यातील विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा हिंदी भाषकांचा गणला गेला. त्यामुळे सौसर व पांढुर्णा येथील मराठी वस्ती मध्य प्रदेशातच राहिली. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

कोकणी वाचकांना ही कथा अपरिचित वाटणार नाही. त्याच १ नोव्हेंबर १९५६ रोजी कारवार आणि सारा उत्तर कानडा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. घरी कोकणी, पोथीत मराठी आणि कचेरीत कानडी असा त्रिवेणी संसार तेथील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. सरहद्दीवरच्या माणसाला भाषा हा अभिमानाचा विषय होण्यापूर्वी तो अर्जाचा, दाखल्याचा आणि परीक्षेचा विषय झालेला असतो.

घटनाकारांना या अडचणीची जाणीव नव्हती असे नाही. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घटनेत आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी प्रत्येक राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असा त्याचा आशय आहे. वकिलाची नजर येथे ‘प्रयत्न’ या शब्दावर थबकते. प्रयत्न हा शब्द कायद्यात आला की त्याच्या पाठीशी जागरूक नागरिक उभा असावा लागतो. नाहीतर तो शब्द पुस्तकातच झोपून राहतो. असा जागरूक नागरिक तयार करणे हेच सामाजिक अध्ययन या विषयाचे खरे प्रयोजन होय.

हा विषय आपल्या शाळांत आला तो मुख्यतः १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाच्या शिफारशींमुळे. मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील त्या आयोगाने इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे तीन अलग कप्पे न ठेवता त्यांचा एक सजीव विषय करावा, असे सुचविले होते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तीन पुस्तकांना एक पुठ्ठा चढला, इतकेच. राजांच्या सनावळ्या, नद्यांची नावे आणि राष्ट्रपतींचे अधिकार पाठ करून मुले उत्तीर्ण होत राहिली. आपल्या गावची विहीर कोणाची, आपल्या शेतातील मजुराला काय मिळते, हे प्रश्न परीक्षेत येत नसल्याने वर्गातही येत नसत.

या जडतेला मोठा धक्का मध्य प्रदेशातच बसला, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील १६ मिडल शाळांत विज्ञान प्रयोगातून शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने सामाजिक अध्ययनाकडे तीच दृष्टी वळविली. सहावी ते आठवीसाठी नवी पुस्तके लिहिली गेली आणि सरकारच्या संमतीने ती मोजक्या सरकारी शाळांत शिकविण्यात आली. त्या पुस्तकांत मैदानातील गाव आणि सातपुड्याच्या डोंगरातील गाव यांची तुलना होती; राजा कर कसा वसूल करी आणि शेतकऱ्यावर त्याचा काय भार पडे, याची चर्चा होती; पंचायत कायद्यात कशी आहे आणि गावात कशी चालते, असा प्रश्न होता. परीक्षेला मुले पुस्तक उघडून बसत, कारण परीक्षा स्मरणाची नसून विचाराची होती. २००२ साली राज्य सरकारने हे दोन्ही उपक्रम बंद केले. तथापि त्यांचे बीज वाया गेले नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर केंद्राने जी पुस्तके काढली, त्यांत ‘नागरिकशास्त्र’ या नावाच्या जागी ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ हे नाव आले, आणि त्या पानांत फेरीवाले, मोलकरणी व शेतमजूर प्रथमच पाठ्यविषय झाले.

काही वर्षांपूर्वी वकिलीच्या कामानिमित्त या भागात माझे जाणे झाले असता एका शाळामास्तरांची गाठ पडली. मास्तर बोलायला मोकळे होते. ते म्हणाले, “वकीलसाहेब, मी मुलांना पहिल्याच आठवड्यात गावचा नकाशा काढायला सांगतो. देऊळ, शाळा, नदी, विहिरी, सगळे दाखवा म्हणतो. मग प्रत्येकाला विचारतो, तुझ्या घरचे पाणी कुठून येते आणि तुझ्या आजीच्या वेळी कुठून येत होते? उत्तर घरी विचारून आणायचे.” मी विचारले, “मग?” ते हसले. “मग काय? काही मुलांच्या आज्या सांगतात, आम्हाला त्या विहिरीवर जाऊ देत नसत. काहींच्या आज्या सांगतात, आम्ही जाऊ देत नव्हतो. दोन्ही मुले एकाच बाकावर बसलेली असतात. त्या दिवशी मला घटनेचा पंधरावा अनुच्छेद निराळा शिकवावा लागत नाही.”

मास्तरांच्या त्या वाक्यावर मी परतीच्या वाटेत बराच वेळ विचार करीत होतो. पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, घाट व रस्ते यांचा नावाने उल्लेख आहे. जगातील किती राज्यघटनांत विहिरीचा उल्लेख असेल? आमच्या घटनेत तो आहे, कारण त्या एका शब्दामागे महाडचे चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर दिवाणी दावा झाला, तो दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. न्यायालयाने ते सिद्ध झाले नाही असे ठरविले. जी गोष्ट ‘पूर्वापार’ म्हणून सांगितली जाते तिला पुरावा मागता येतो, हा धडा विद्यार्थ्याला देण्यास या खटल्यासारखे साधन दुसरे नाही.

पांढुर्ण्याच्या मुलाला तर हा धडा घराच्या उंबरठ्यावरच मिळू शकतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. ही गोटमार. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या तरुणीला घेऊन निघाला असता नदीतच दोघांवर दगड पडले, अशी तिची दंतकथा आहे. चंडीमातेच्या पूजेशी हा सोहळा जोडलेला आहे. आजवर त्यात माणसे मृत्युमुखी पडली आहेत आणि दरवर्षी कित्येक जखमी होतात. दगडांच्या जागी रबरी चेंडू द्यावेत, असाही प्रयत्न प्रशासनाने करून पाहिला. तो टिकला नाही.

दुरून आलेला माणूस अशा वेळी ‘रानटीपणा’ म्हणून मोकळा होतो, आणि स्थानिक माणूस ‘परंपरा’ म्हणून मोकळा होतो. शिक्षकाला दोन्ही वाटा बंद आहेत. त्याने मुलांपुढे प्रश्न ठेवावेत: दंतकथेतील त्या मुलीला तिची इच्छा कोणी विचारली होती काय? तिच्या नावाने दगड मारणे हा तिचा सन्मान होय की तिच्यावरील अन्यायाची वार्षिक पुनरावृत्ती? जखमी होतात ते कोणत्या घरचे असतात? देवीची भक्ती राखून दगड टाकून देता येतील काय? दोन गावांचे शतकानुशतकांचे सोयरसंबंध आणि एका दिवसाचे वैर यांचा मेळ कसा बसतो? या प्रश्नांची उत्तरे शिक्षकाने देऊ नयेत. मुले घरी जाऊन विचारतील. बापांना विचार करावा लागेल. कायद्याच्या बंदीने जे साधले नाही, ते कदाचित मुलांच्या प्रश्नांनी साधेल.

आता आपल्या घरची गोष्ट. दुसऱ्याच्या गावची रूढी तपासणे सोपे. आपल्या देवळाची तपासणे कठीण. दक्षिण कानडा जिल्ह्यातील मुल्की येथील श्रीवेंकटरमण देवस्थान हे गौड सारस्वतांचे. मद्रासच्या १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्याविरुद्ध विश्वस्तांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ साली त्याचा निर्णय झाला. न्या. वेंकटराम अय्यर यांनी लिहिलेला तो निकाल प्रत्येक देवस्थानच्या कचेरीत असावा, इतका तो समतोल आहे. गौड सारस्वत हा एक धार्मिक संप्रदाय आहे आणि धर्मकार्यात आपली व्यवस्था पाहण्याचा त्याला अधिकार आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवालये सर्व वर्गांच्या हिंदूंना खुली करण्याचा राज्याचा अधिकार त्याहून वरचा ठरविला. ज्या विशिष्ट विधींच्या वेळी केवळ संप्रदायाचीच माणसे उपस्थित असत, तेवढे विधी त्यांच्यासाठी राखून ठेवले. दार सर्वांना उघडे, आणि आतील काही क्षण कुलाचे: असा तो न्याय होता.

हा निकाल आपल्या मुलांना कोणी शिकवितो काय? आपल्या कुलदेवतेचे माहात्म्य, पोर्तुगीज काळातील देवांचे स्थलांतर, पूर्वजांचा वनवास हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु ज्यांनी अन्याय सोसला त्यांच्याच वंशजांनी पुढे दाराशी कोणाला थांबविले, हेही सांगितले पाहिजे. एवढे ऐकल्याने मुलाची श्रद्धा ढासळेल असे ज्याला वाटते, त्याचा आपल्याच श्रद्धेवर पुरेसा विश्वास नाही, असे म्हणावे लागेल.

येथून जगाकडे वळणे सोपे आहे. जागतिक नागरिकत्व हा शब्द मोठा असला तरी सौसरच्या मुलाला तो कापसाच्या बोंडात दाखविता येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि नागपूर-वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव चढला. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तेथे सुरू झाली. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीचा लढा आणि आपल्या पणजोबांच्या शेतातील पीक यांचा असा धागा आहे, हे कळलेला मुलगा जगाला परके मानणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मौलाना महंमद अली व शौकत अली यांना सरकारने छिंदवाड्यातच स्थानबद्ध ठेवले होते. म्हणजे तुर्कस्थानच्या राजकारणाची सावलीही या डोंगरांपर्यंत पोहोचली होती.

आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच अनुच्छेदात ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाची शब्दयोजना होती, ती बदलून ‘सर्व माणसे’ असा शब्द घालण्याचा आग्रह धरला तो भारताच्या हंसाबेन मेहता यांनी. जगाने आपल्याला शिकविले तसे आपणही जगाला एक शब्द दिला. युनेस्कोने १९७४ साली आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणाबाबत शिफारस केली आणि २०१५ च्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत जागतिक नागरिकत्वाचा समावेश झाला. परंतु हे ठराव वर्गात येतात ते एखाद्या मास्तरांनी काढून घेतलेल्या गावच्या नकाशातूनच.

कोणी म्हणेल, मुलांना असले प्रश्न विचारायला शिकविले तर घरात वडीलधाऱ्यांचा मान राहील काय? माझा अनुभव असा की, ज्या घरात प्रश्न विचारता येत नाहीत त्या घरातील भांडणे शेवटी कोर्टात येतात, आणि तेथे वडीलधाऱ्यांना परका वकील प्रश्न विचारतो. त्यापेक्षा नातवाने विचारलेला बरा.

आपल्या देवस्थानांकडे सभामंडप आहेत, विद्यार्थ्यांसाठी निधी आहेत, सुटीतील संस्कारवर्ग आहेत. त्या वर्गांत स्तोत्रांबरोबर एक तास गावच्या नकाशाला द्यावा. मुलांना देवळाची विहीर दाखवावी आणि विचारावे, येथे पूर्वी कोण पाणी भरीत असे, आणि कोण नाही? उत्तर त्यांनी आपल्या आजीकडून आणावे. मग शेजारच्या वाड्यावरील मुलांनाही त्याच तासाला बोलवावे, आणि त्यांच्या आजीचे उत्तरही त्याच पाटीवर लिहावे.