नाळेवरची बैठक

इंग्रजी बोलणारे खलाशी बोटीवरच्या संडासाला आजही ‘हेड’ म्हणतात. शिडाच्या जुन्या जहाजांवर साध्या खलाशांची सोय नाळेवर, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला असे. चौकोनी शिडांत वारा बहुधा मागून भरायचा, म्हणून दुर्गंधी पुढेच निघून जाई आणि उसळणारी लाट फळ्या धुऊन काढी. बैठक पुढे आतल्या कोठडीत आली, पण नाव जागेचंच राहिलं.

समुद्रानं धुऊन न्यायचं, ही सवय खोल पाण्यात खपून गेली. कालव्यात किंवा बाल्टिकसारख्या कोंडलेल्या समुद्रात ती खपत नाही. स्वीडननं १ एप्रिल २०१५ पासून हौशी बोटींना मैला पाण्यात सोडायला बंदीच केली. मग एक तर मैल्याची टाकी वागवायची आणि बंदरात उपसून घ्यायची, नाहीतर मुळात पाणीच वापरायचं नाही. या दुसऱ्या वाटेचं कूळ इंग्लंडमधल्या एका पाद्र्याच्या परसात सापडतं.

हेन्री मोल हे डॉर्सेटमधल्या फोर्डिंग्टनचे धर्मगुरू. १८४९ आणि १८५४ च्या पटकीत त्यांनी आपल्या वस्तीचे हाल पाहिले होते. पुढे त्यांनी घरचा मैल्याचा खड्डा बुजवला, बादल्या ठेवल्या आणि मैला परसात पुरू लागले. तीन-चार आठवड्यांनी उकरलं, तर त्याचा मागमूस नव्हता! कोरडी, चाळलेली माती वरून पडली की वास तिथल्या तिथे मरतो आणि तीच माती वाळवून पुन्हा वापरता येते, हे त्यांनी ताडलं. १८६० मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. बैठकीमागे मातीची पेटी, दांडी ओढली की मापाची माती खाली. या साऱ्या कथेत मला ती दांडीच थोर वाटते. पाण्याच्या साखळीइतकी सोपी सवय तिनं मातीला लावून दिली.

आपल्याकडे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचा संडास उभा केला, तोही मातीच्या भरवशावरच. बाल्टिकच्या काठी रिकार्ड लिंडस्ट्रोम यांनी १९३९ मध्ये घराखाली उतरत्या तळाची खताची कोठी बांधली. ‘क्लिव्हस मुल्ट्रम’ ती हीच. पण होडीत तळघर कुठून आणणार?

होडीसाठी युक्ती सापडली ती वाटणीची. लघवी पुढच्या बाटलीत, मैला मागच्या डब्यात. दोन्ही एकत्र आले की चिखल होतो आणि खरा वास त्या चिखलाचाच. डब्यात ढवळायची दांडी, वर वाफ बाहेर नेणारा छोटा पंखा. त्याला ‘कंपोस्ट’ म्हणतात, ते थोडं जास्तच आहे. डब्यात मैला फक्त वाळतो. खत व्हायला तो पुढे कित्येक महिने जमिनीवर मुरवावा लागतो. म्हणून निवडताना मी आधी विचारीन, बाटली रोज कुठे रिकामी करणार आणि डबा कुठे मुरवणार? होडी कलली तरी लघवी मागे सांडणार नाही ना? दांडी फिरवायला कोपर हलेल एवढी जागा आहे ना? बैठकीचा रंग-आकार नंतर.

मोल यांची माती होडीत जड पडते. तिच्या जागी आता काथ्याचा भुसा आला, दाबून केलेल्या विटांच्या रूपात. तो बराचसा भारत आणि श्रीलंकेच्या नारळांचा असतो. विटेवर थोडं पाणी शिंपडलं की ती फुलते. साऱ्या व्यवहारात पाणी लागतं ते एवढंच.