बिनतारी जाळ्यांची वहनक्षमता : सहकार्याचा लाभ आणि मर्यादा

बिनतारी संदेशवहनात एका प्रक्षेपकाचा संकेत शेजारच्या ग्राहकयंत्राच्या दृष्टीने निव्वळ गोंगाट असतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये एका मार्गिकेच्या कमाल वहनक्षमतेचे सूत्र मांडले. अनेकजण एकाच वेळी बोलू लागल्यास ती किती उरते, याचे संपूर्ण उत्तर मात्र अद्याप मिळालेले नाही.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे पीयूष गुप्ता आणि मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी पी. आर. कुमार यांच्या २००० सालच्या शोधनिबंधाने निराशाजनक चित्र समोर ठेवले. प्रत्येक यंत्राने संदेश शेजाऱ्याकडे सोपवावा व इतरांचे संकेत गोंगाट मानावेत, अशी रचना असल्यास यंत्रे शंभरपट झाली तरी एकूण वहनक्षमता सुमारे दहापटच वाढते. साहजिकच प्रत्येकाच्या वाट्याला पूर्वीच्या जेमतेम एक दशांश येतो.

आयफर ओझगुर, ऑलिव्हिए लेव्हेक व डेव्हिड त्से यांनी २००७ मध्ये यातून वाट दाखवली. शेजारची यंत्रे गट करून आपसांत माहिती वाटून घेतात आणि अनेक अँटेना असलेल्या एकाच प्रक्षेपकाप्रमाणे संदेश पाठवतात; पलीकडचा गटही ऐकलेले एकत्र करून उलगडतो. या पद्धतीने क्षमता यंत्रसंख्येच्या जवळपास प्रमाणात वाढू शकते. हा निष्कर्ष अर्थातच गृहीतकांवर अवलंबून आहे. तरंगलांबी व क्षेत्रफळ यांमुळे त्यावर भौतिक बंधन येते, हे २००९ मध्ये मास्सिमो फ्रांचेस्केत्ती व सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

सहकार्य फुकटही नसते. एकत्र प्रक्षेपणासाठी प्रत्येक मार्गिकेची ताजी स्थिती ठाऊक असावी लागते आणि ती मोजणाऱ्या चाचणी संकेतांवर वेळ व स्पेक्ट्रम खर्ची पडतो. गट मोठा किंवा ग्राहक वेगवान रेल्वेत असला, की हा खर्च आणखी वाढतो. शिवाय गटाबाहेरचा गोंगाट कायम राहतो. आंखेल लोझानो, रॉबर्ट हीथ आणि जेफ्री अँड्र्यूज यांनी २०१३ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले : सर्वांनी प्रक्षेपणशक्ती वाढवली, तर हवा असलेला संकेत व बाहेरचा व्यत्यय दोन्ही सारखेच वाढतात आणि एका टप्प्यानंतर क्षमता गोठते.

एलटीईच्या अकराव्या आवृत्तीत मनोऱ्यांमधील अशा समन्वयाची तरतूद झाली. दोन मनोऱ्यांच्या सीमेवरील ग्राहकाला तिचा विशेष लाभ होतो. मात्र मनोऱ्यांना जोडणारी वाहिनी जलद हवी. काही मिलिसेकंदांच्या विलंबानेही मार्गिकेची माहिती शिळी होते.