पंडिता रमाबाई आणि अँग्लिकन चर्च

अँग्लिकन चर्चमध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा मिळालेली पहिली स्त्री म्हणजे हाँगकाँगच्या फ्लोरेन्स ली टिम-ओई. २५ जानेवारी १९४४ रोजी युद्धकाळातील चीनमध्ये त्यांना ही दीक्षा देण्यात आली. स्त्रीला चर्चमध्ये कोणता अधिकार असावा, हा प्रश्न त्यापूर्वी सुमारे साठ वर्षे एका मराठी विदुषीने इंग्लंडमध्ये उपस्थित केला होता. त्या विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या असलेल्या रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृतवरील प्रभुत्वामुळे १८७८ मध्ये कोलकात्यात त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविण्यात आले. वैधव्यानंतर १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात, असा प्रस्ताव पुढे आला. त्याला मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकविल्यास भारतीय समाजात रमाबाईंचा प्रभाव उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या विरोधाचे रमाबाईंना नवल वाटले. भारतात पुरुषांच्या सभांतून त्या व्याख्याने देत आणि त्यास वडिलांनी वा पतीने कधी मनाई केली नव्हती. पुरोहितवर्गाचे जोखड झुगारल्यावर बिशपांचे जोखड मानेवर घेण्यास त्यांनी नकार दिला. प्राचार्या डोरोथिया बील यांची सहानुभूती त्यांना लाभली. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे.

रमाबाईंना धर्मगुरुपदाची दीक्षा कधीच मिळाली नाही. १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' स्थापन केल्यावर, पुढील दशकात वऱ्हाडालगतच्या मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुली व विधवांना त्यांनी आश्रय दिला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उपासना आणि उपदेशाचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. हिब्रू व ग्रीकमधून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करून त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी जगाचा निरोप घेतला.

अँग्लिकनांसह सहा पंथांच्या एकीकरणातून १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ने पुढे स्त्रियांना धर्मगुरुपद खुले केले. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये मात्र स्त्रियांना पहिली दीक्षा मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले.