दिवाळीला पोरासाठी ड्रोन घेताय? पैसे देण्याआधी एवढं बघा

फवारणीचे ड्रोन आता गावोगाव दिसू लागलेत. वावरात ड्रोन आला की बांधावर पोरांची गर्दी होते आणि दिवाळीची सुट्टी लागली की घरात हट्ट सुरू होतो, मला पण ड्रोन पाहिजे. तालुक्याच्या दुकानात आणि ऑनलाइन साधारण दीड हजारापासून चार हजारांपर्यंत खेळण्यातले ड्रोन मिळतात. त्यातला बरा कोणता, हे ओळखणं अवघड नाही. पण खेड्यात खरा धोका ड्रोनचा नाही, विजेच्या तारांचा आणि बिनकठड्याच्या विहिरीचा आहे. म्हणून कोणता घ्यायचा हे जसं बघायचं, तसं कुठं उडवायचा हेही आधी ठरवायचं.

घेताना काय बघायचं

वजन : २५० ग्रॅमच्या आतलाच घ्या. खेळण्यातले बहुतेक ड्रोन याच्या बरेच आत असतात. हलका ड्रोन पडला तरी कमी मोडतो आणि कुणाला लागला तरी इजा कमी होते.

पात्यांभोवती कडं : चारही पात्यांना प्लास्टिकचं संरक्षक कडं असलेलाच घ्या. शिकताना ड्रोन भिंतीला धडकणारच. कडं नसेल तर पाती तुटतात आणि बोटं कापतात.

उंची धरून ठेवणं : खोक्यावर ‘अल्टिट्यूड होल्ड’ लिहिलंय का बघा. ही सोय असली की दांडी सोडली तरी ड्रोन त्याच उंचीवर तरंगत राहतो. नवख्यासाठी ही सगळ्यात कामाची गोष्ट. एका बटणावर उडणं-उतरणं आणि ‘इमर्जन्सी स्टॉप’ हेही असावं.

बॅटरी : एका चार्जिंगवर असे ड्रोन साधारण ५ ते ८ मिनिटं उडतात आणि परत चार्ज व्हायला तासभर तरी लागतो. त्यामुळं एक बॅटरी असलेल्या भारी ड्रोनपेक्षा दोन-तीन बॅटऱ्या मिळणारा साधा ड्रोन बरा.

कॅमेरा : खोक्यावर ‘४के’ लिहिलेलं असतं, पण या किमतीत चित्र हलतं आणि धूसर येतं. कॅमेऱ्यासाठी जादा पैसे घालू नका. तेवढ्यात एक जादा बॅटरी येते.

वय आणि खूण : १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण बंधनकारक आहे. बऱ्याच ड्रोनच्या खोक्यावर ‘१४+’ छापलेलं असतं. म्हणजे तो बारक्या पोराच्या हातात एकटा द्यायचा नाही.

बिल आणि नाव : तयार परदेशी ड्रोन आयात करायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, काही सरकारी आणि संशोधनाच्या कामांची सूट सोडली तर. त्यामुळं खोक्यावर कंपनीचं नाव-पत्ता नसेल तर तो माल घेऊ नका. बिल घ्या, जादा पाती मिळतात का तेही विचारा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

पहिल्या दिवशी

पहिलं उड्डाण घरात करा. मोठी खोली किंवा ओसरी बघा, पंखा बंद ठेवा. ड्रोन सपाट जागेवर ठेवून माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे रिमोटला जोडा. बहुतेक रिमोटमध्ये डावी दांडी वर-खाली आणि गोल फिरवायला, उजवी दांडी पुढं-मागं, डावी-उजवीकडं न्यायला असते. पहिले दोन दिवस फक्त वर घेणं, तरंगत ठेवणं आणि उतरवणं एवढंच करा.

ड्रोन कशात अडकला तर लगेच मोटारी बंद करा. अडकलेली मोटार फिरवत ठेवली की जळते. पाती बदलताना त्यावरची अक्षरं बघा. दोन पाती एका दिशेनं आणि दोन उलट्या दिशेनं फिरतात. अदलाबदल झाली तर ड्रोन उडत नाही, नुसता कलंडतो.

बाहेर उडवायचा तर सकाळी, वारा पडलेला असताना. झाडाचा शेंडा हलत असेल तर त्या दिवशी राहू द्या. या ड्रोनला जीपीएस नसतो, वाऱ्यानं वाहून गेला तर तो स्वतः घरी येत नाही. ‘रिटर्न’ बटणावर फार भरवसा ठेवू नका.

तारा, विहीर, जनावरं

मोकळं मैदान किंवा पीक निघालेलं रान निवडा. डीपी, विजेचे खांब आणि तारा जवळ असतील ती जागा नको. ड्रोन तारेवर अडकला तर बांबू, काठी, आकडी घेऊन काढायला जाऊ नका, खांबावर चढू नका. ओला बांबू करंट घेतो. तीन हजारांचा ड्रोन गेला तर गेला. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवा.

ड्रोन उडवणाऱ्याची नजर वर असते आणि पाय चालत असतात. आपल्याकडं कठडा नसलेल्या विहिरी आणि शेततळी ठिकठिकाणी आहेत. म्हणून पोरानं एका जागी उभं राहून उडवायचं आणि शेजारी एक मोठं माणूस पाहिजेच. ड्रोन पाण्यात पडला तर पोरानं मागं जायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा.

बैल, म्हशी आवाजानं बुजतात. दावणीवर, रस्त्यानं चाललेल्या बैलगाडीवर ड्रोन नेऊ नका. आग्या मोहोळ असलेल्या झाडापासून तर लांबच राहा.

बॅटरीची काळजी

यातली लिथियम बॅटरी छोटी असली तरी पेट घेऊ शकते. सोबत आलेल्या वायरनंच, फरशीवर ठेवून आणि माणूस जागं असताना चार्ज करा. गादीवर किंवा रात्रभर लावून ठेवू नका. उडून आल्यावर बॅटरी गरम असते, थंड झाल्यावरच चार्जिंगला लावा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. ती चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका.

नियम काय सांगतो

‘ड्रोन नियम २०२१’ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो आणि तो उडवायला लायसन लागत नाही. पण म्हणून कुठंही उडवता येतो असं नाही. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग दाखवलेत. पिवळ्या आणि लाल भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड आहे. निवडणूक, मोठ्या नेत्याचा दौरा अशा वेळी प्रशासन ड्रोनवर बंदीचे आदेश काढतं. शंका असेल तर पोलीस पाटलांना विचारा.

रात्री ड्रोन उडवूच नका. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी लोक धास्तावले होते, चोरीच्या भीतीनं गावोगाव जागरण चाललं होतं. अंधारात लुकलुकणारा दिवा दिसला तर तो पोराचा खेळ आहे हे कुणाला कळणार? कॅमेऱ्याचा ड्रोन दुसऱ्याच्या परसात, न्हाणीवर नेणं तर भांडणाला आणि पोलीस केसला आमंत्रणच.

नाद पुढं टिकला तर त्याला वाटही आहे. वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण एवढ्यावर ड्रोन पायलटचं प्रमाणपत्र मिळवता येतं. बचत गटाच्या महिलांना फवारणीचे ड्रोन देणारी ‘नमो ड्रोन दीदी’ योजनाही आहे. त्यामुळं घरात पोरगी असेल तर रिमोट तिच्याही हातात द्या.