जबड्यातील दुसरी वाट : एका हाडाच्या वाचनाचा इतिहास

१/ बुलढाणा, खामगाव किंवा चिखली येथील दंतवैद्याकडे अक्कलदाढेच्या दुखण्याने त्रस्त झालेला रुग्ण गेला, की बहुधा सूचना मिळते ती ‘ओपीजी काढून आणा’ ही. दोन्ही जबडे एका पट्टीत मांडणारा तो करडा एक्स-रे. क्वचित त्यात असे काही दिसते, जे पाठ्यपुस्तकातील आकृतीत नसते : खालच्या जबड्यातून जाणारी नलिका एके ठिकाणी दुभंगलेली असते. या दुभंगाला ‘विरळा अपवाद’ का म्हटले गेले आणि ती समजूत कशी ढळली, हे समजण्यासाठी क्ष-किरणांच्या सुमारे सतराशे वर्षे मागे जावे लागते.

२/ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन रोममध्ये नावारूपाला आला. त्या काळी तेथे मानवी शवविच्छेदन होत नसे. माकडे, डुकरे व इतर प्राणी चिरून त्याने शरीररचना मांडली. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असून ती हनुवटीपाशी जुळतात, असे त्याने लिहिले.

३/ हे विधान अगदीच निराधार नव्हते. कुत्र्यासारख्या प्राण्यांत हा सांधा आयुष्यभर टिकतो. मानवी अर्भकाचा जबडाही जन्माच्या वेळी दोन भागांचा असतो. मात्र वयाच्या पहिल्या वर्षात ते भाग एकजीव होतात. प्रौढ माणसाच्या जबड्यात सांधा उरत नाही. तरीही गॅलेनचा शब्द प्रमाण मानला गेला आणि हजार वर्षे ‘दोन हाडे’ शिकवली गेली.

४/ १२०० ते १२०२ या काळात नाईलचा पूर अपुरा पडल्याने इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. बगदादचा विद्वान वैद्य अब्दुल लतीफ अल्-बगदादी (११६२–१२३१) तेव्हा तेथेच होता. कैरोजवळील अल्-मक्स येथे भूकबळींच्या सांगाड्यांचे ढीग साचल्याचे त्याला कळले. तो तेथे गेला आणि एकेक कवटी हाती घेऊन पाहू लागला.

५/ दोन हजारांहून अधिक कवट्यांची तपासणी झाली. प्रत्येकीत खालचा जबडा एकसंध निघाला. सांध्याची खूण कोठेही नव्हती. अब्दुल लतीफला गॅलेनविषयी नितांत आदर होता. तरीही डोळ्यांनी दिलेली साक्ष गॅलेनच्या वचनाहून अधिक विश्वसनीय, असा स्पष्ट निर्वाळा त्याने दिला. एका दुःखद आपत्तीने त्याला ते दाखवले, जे ग्रंथांनी झाकून ठेवले होते.

६/ ही नोंद युरोपातील वैद्यकापर्यंत त्या काळी पोहोचली नाही. तेथे हाच निष्कर्ष नव्याने काढला तो आंद्रेआस व्हेसालियसने. १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शरीररचनेच्या महाग्रंथात प्रौढ माणसाचा खालचा जबडा एकाच हाडाचा असल्याचे नोंदवले गेले. बाह्य रूपाचा वाद मिटला. हाडाच्या आतला भाग मात्र अजून अंधारातच होता.

७/ खालच्या जबड्याच्या हाडात एक अरुंद नलिका असते. दातांना आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस तिच्यातून जाते. १८८४ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यवैद्य विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी ही नस नलिकेत शिरते तेथेच कोकेन टोचून त्या बाजूचा जबडा बधिर करण्याची रीत दाखवली. कोकेनच्या प्रयोगांपायी दोघेही स्वतः व्यसनाधीन झाले. औषध पुढे बदलले. रीत आजही तीच आहे.

८/ या पद्धतीचा आधार एकच : एक नलिका, एक नस. तरीही काही रुग्णांचा दात सुई टोचूनही बधिर होत नसे. यात हात चुकला की रचनाच वेगळी होती, हे जिवंत माणसाच्या बाबतीत हाड न उघडता सांगणे अशक्य होते.

९/ ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच जानेवारीत जर्मन दंतवैद्य ऑटो वॉल्खोफ यांनी स्वतःच्या तोंडात काचपट्टी धरून, तब्बल २५ मिनिटे स्थिर राहून, दातांची क्ष-किरण प्रतिमा मिळवली. अमेरिकेत दंत एक्स-रेचा पाया घालणाऱ्या एडमंड केल्स यांना किरणांच्या माऱ्यामुळे पुढे हात गमवावा लागला.

१०/ दिसू लागल्यावर नवा प्रश्न उभा राहिला : वेगळे दिसते ते रोग की केवळ वेगळेपण? १९४२ मध्ये एडवर्ड स्टॅफ्नी यांनी जबड्याच्या कोनाजवळ गोल पोकळी दिसणाऱ्या ३५ व्यक्तींची नोंद प्रसिद्ध केली. पुढे कळले, की ती गाठ नसून हाडाच्या आतल्या बाजूस पडलेला खळगा आहे आणि त्यात बहुधा लाळग्रंथीचा भाग बसलेला असतो. त्याला शस्त्रक्रियेची गरज नसते.

११/ फिनलंडच्या यर्यो पातेरो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण जबडा एका चित्रात आणण्याचे तंत्र विकसित केले. आजची ओपीजी त्याचीच वंशज. तिच्या आधारे दुभंगलेल्या नलिका मोजल्या गेल्या. १९७७ च्या पाहणीत ३,६१२ चित्रांत ३३, १९८३ मध्ये ५,००० चित्रांत अवघ्या ४, तर १९८५ मध्ये ६,००० चित्रांत ५७. म्हणजे शंभरात एकही नाही. ‘विरळा अपवाद’ ही समजूत याच आकड्यांवर उभी राहिली.

१२/ १९९८ मध्ये इटलीतील संशोधकांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारे यंत्र, जगापुढे मांडले. २००९ मध्ये जपानमध्ये १२२ रुग्णांची अशी चित्रे तपासली, तेव्हा बारीक शाखाही हिशेबात धरता सुमारे ६५ टक्के रुग्णांत नलिका दुभंगलेली आढळली.

१३/ माणसांचे जबडे पंचवीस वर्षांत बदलले नव्हते. ओपीजी हाडाची जाडी एकाच प्रतलात दाबून दाखवते. एकामागे एक असलेल्या वाटा तिच्यात एकच भासतात आणि बारीक शाखा लोपतात. शिवाय १९९६ च्या एका अभ्यासाने दाखवले होते, की गर्भावस्थेत समोरचे दात, दुधाच्या दाढा आणि पहिली कायमची दाढ यांच्यासाठी तीन वेगळ्या नलिका तयार होतात व नंतर त्या एक होतात. हे मीलन अपुरे राहिले की वाट दुभंगलेली राहते.

१४/ ही दुसरी वाट ध्यानात न घेता अक्कलदाढ काढली किंवा इम्प्लांटसाठी हाडात छिद्र पाडले, तर रक्तस्राव होऊ शकतो आणि ओठ वा हनुवटी दीर्घकाळ बधिर राहू शकते. भूल न चढणाऱ्या रुग्णाची तक्रारही मग ‘भित्रेपणा’ ठरत नाही. तिला कधी कधी हाडातच कारण असते.

१५/ अल्-मक्स येथील कवट्या हाताळताना अब्दुल लतीफपुढे जो प्रश्न होता, तोच ओपीजी प्रकाशात धरणाऱ्या दंतवैद्यापुढेही असतो : आकृतीवर विसंबावे की समोरच्या हाडावर? गॅलेनने पाहिले ते प्राण्यांचे जबडे. १९८३ च्या पाहणीने पाहिल्या त्या सपाट सावल्या. दोघांनीही जे दिसले तेच प्रामाणिकपणे लिहिले. त्यांच्यानंतरच्यांचे काम एवढेच होते, की त्यांना काय दिसू शकत नव्हते, हे शोधावे.