सॉलिसिटरच्या कचेरीतून कायदेमंडळात

हायकोर्टात वाक्चातुर्य गाजते ते बॅरिस्टरांचे. सॉलिसिटर कागद जुळवितो, पक्षकाराची समजूत घालतो आणि साधेल तर तंटा कोर्टाबाहेरच मिटवितो. खारचे रहिवासी कै. बाळासाहेब खेर हे या दुसऱ्या पेशातले. जन्म १८८८ चा, रत्नागिरीचा. १९१८ साली ते सॉलिसिटर झाले. सत्याग्रहाच्या चळवळीत तुरुंगातही गेले.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांताचे नेतृत्व वीर नरिमन यांच्याकडे जाणार, असा पुष्कळांचा समज होता. निवड झाली खेरांची. नरिमन यांनी सरदार पटेलांवर ठपका ठेवला. गांधीजी व बहादुरजी यांनी चौकशी करून तो अमान्य केला. अशा वातावरणात खेर मुख्य प्रधान झाले. सत्याग्रहात जप्त झालेल्या जमिनी मूळ मालकांस परत देण्याचे काम त्यांच्या मंत्रिमंडळाने पार पाडले.

खरी कसोटी लागली ती १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाने. संपापूर्वी समेटाचा प्रयत्न झालाच पाहिजे, न पेक्षा संप बेकायदा, असे त्याचे सूत्र होते. डॉ. आंबेडकर व जमनादास मेहता यांनी त्यास कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला, गोळीबारही झाला, आणि विधेयक तरीही संमत झाले. सॉलिसिटराच्या कचेरीत समेट शोभतो, कारण तेथे दोन्ही पक्षांस थांबणे परवडते. गिरणी कामगारास ते कसे परवडावे? त्याच्या घरची चूल आठवड्याच्या हिशेबावर चालते. खेरांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु येथे त्यांच्या पेशाची सवय त्यांस नडली, असेच म्हणावे लागते.

महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४६ साली खेर पुन्हा अधिकारावर आले, ते १९५२ पर्यंत. १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा याच काळातला; उपनगरांतील किती बिऱ्हाडे त्याच्या आधारावर टिकली! (घरमालकांचे म्हणणे अर्थातच निराळे.) गरिबांस कायद्याची मदत कशी पोचवावी, याच्या विचारासाठी १९४९ साली न्यायमूर्ती भगवती यांची समिती नेमली गेली. त्यात मात्र जुना वकील उत्तम कामी आलेला दिसतो.

१९५० साली अंधेरी व घाटकोपर बृहन्मुंबईत आली आणि तेथील निराळ्या म्युनिसिपालिट्या संपल्या. बोरिवली व मुलुंड यांचा समावेश १९५७ साली झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये खेर निवर्तले. वांद्र्याच्या पूर्वेस खेरवाडी आहे.