विचारणाऱ्याची ओळख : क्लायंट-पूलच्या शिरस्त्याचा इतिहास

एका यंत्रावर चालणाऱ्या आज्ञावलीने दुसऱ्या यंत्रावरील आज्ञावलीकडून काम करवून घ्यावे, आणि तेही अशा रीतीने की लिहिणाऱ्याला आपण आपल्याच आज्ञावलीतील एखादी प्रोसिजर बोलावीत आहोत असे वाटावे, ही रिमोट प्रोसिजर कॉलची, म्हणजे आरपीसीची, कल्पना आता अर्धशतकाची होत आली आहे. तिच्या पोटी जे अनेक शिरस्ते जन्मास आले त्यांपैकी क्लायंटांच्या सामायिक साठ्याकडे, ज्याला या व्यवसायातील माणसे नुसते ‘पूल’ म्हणतात त्याकडे, इतिहासाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. अनेक थ्रेड एकाच वेळी राबत असलेल्या आज्ञावलीत दूरच्या सर्व्हरशी बोलणारे मोजके क्लायंट आधीच जोडून सिद्ध ठेवावयाचे, ज्या थ्रेडला गरज पडेल त्याने त्यांतील एक उसना घ्यावयाचा आणि काम आटोपताच परत ठेवावयाचा, एवढीच ही तजवीज. ती इतकी अंगवळणी पडली आहे की आरपीसीबरोबर ती उपजतच आली असावी, असा समज सहज होतो. वस्तुतः आरपीसीच्या पहिल्या परिपूर्ण रचनेत या साठ्याची आवश्यकताच नव्हती. मधल्या काळात विचारणाऱ्याची ओळख हरवली आणि तिच्या भरपाईसाठी हा शिरस्ता उभा राहिला, असे माझे मत आहे.

जानेवारी १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या जेम्स व्हाइट यांनी अर्पानेटच्या आरएफसी दस्तऐवजांतील ७०७ क्रमांकाच्या लेखात असे प्रतिपादन केले की, जाळ्यावरील प्रत्येक सेवेने आज्ञा आणि उत्तरे यांची आपापली स्वतंत्र भाषा घडवीत बसण्यापेक्षा प्रोसिजर बोलावण्याची एकच सामान्य रीत सर्वांनी स्वीकारावी. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८१ साली, ब्रूस नेल्सन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठास ‘रिमोट प्रोसिजर कॉल’ याच नावाचा प्रबंध सादर केला. आणि पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात अँड्र्यू बिरेल यांच्या साहचर्याने त्यांनी ती कल्पना प्रत्यक्ष यंत्रांवर उतरविली. त्या कामाची हकीकत सांगणारा उभयतांचा निबंध फेब्रुवारी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आज पुन्हा वाचताना मनात आदर दाटून येतो, कारण पुढे ज्या अडचणींनी दोन पिढ्यांना छळले त्यांतील कितीतरींचा बंदोबस्त त्या दोघांनी आरंभीच करून ठेवलेला आढळतो.

तिथल्या ‘सीडार’ नावाच्या प्रोग्रामिंग-परिसरात, सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट वाहून नेणाऱ्या ईथरनेटने जोडलेल्या ‘डोराडो’ यंत्रांवर, रिकाम्या दूरस्थ कॉलला सुमारे ११०० मायक्रोसेकंद लागत आणि तेच काम यंत्राच्या आतल्या आत केले तर ९ मायक्रोसेकंदांत होई. ही तफावत डोळ्यांपुढे असल्यामुळे प्रत्येक विचारणेपूर्वी स्वतंत्र जोडणी उभारण्याचा खर्च बिरेल आणि नेल्सन यांना मान्य होण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी जोडणीची बाइट-धारा टाळून स्वतःचा पॅकेट-प्रोटोकॉल रचला, आणि त्यातील प्रत्येक विचारणेवर तीन गोष्टी नोंदविल्या : कोणते यंत्र विचारते आहे, त्या यंत्रातील कोणती प्रोसेस विचारते आहे, आणि तिची ही कितवी विचारणा आहे. सीडारमधील प्रोसेस म्हणजे आजच्या भाषेतील थ्रेडच होय, कारण एकाच स्मृतिप्रदेशात अशा अनेक प्रोसेस शेजारीशेजारी नांदत असत. एका प्रोसेसची एका वेळी एकच विचारणा प्रलंबित राहू शकत असल्यामुळे, आलेले उत्तर हीच विचारणेची पोच आणि पुढची विचारणा हीच आधीच्या उत्तराची पोच, असा अत्यंत काटकसरीचा व्यवहार त्यांना साधता आला. शंभर प्रोसेस एकदम बोलू लागल्या तरी उत्तरांची सरमिसळ होण्याची भीती नव्हती. विचारणाऱ्याचे नाव प्रत्येक खलित्यावर लिहिलेलेच होते.

साठा तिथेही होता, परंतु तो सर्व्हरच्या बाजूस होता. आलेल्या प्रत्येक विचारणेसाठी नवी प्रोसेस निर्माण करण्याचा खर्च वाचावा म्हणून रिकाम्या प्रोसेस सदैव तैनात ठेवलेल्या असत, आणि पॅकेट येताच त्यांतील एक ते उचलून कामास लागे. विचारणाऱ्यांना मात्र आपसांत काहीही वाटून घ्यावे लागत नव्हते.

यानंतरचा काही काळ थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने आपल्या नेटवर्क फाइल सिस्टिमसाठी आरपीसीची जी रीत घडविली तिचा मसुदा १९८८ साली आरएफसी १०५० म्हणून प्रसिद्ध झाला, आणि युनिक्सच्या जगात ती सर्वत्र पसरली. १९८१ च्या आरएफसी ७९३ ने निश्चित केलेली टीसीपीची जोडणी तोवर सर्वमान्य होत चालली होती. ती विश्वसनीय होती, क्रम राखणारी होती, आणि तिच्या दोन टोकांना फक्त यंत्राचा पत्ता व पोर्ट एवढेच ठाऊक असे. त्या काळच्या युनिक्समधील प्रोसेसमध्ये कामाचा एकच धागा असे, म्हणून जोडणीचा मालक कोण हा प्रश्न उद्भवत नव्हता. विचारणाऱ्याचे नाव खलित्यावरून पुसले गेले तरी विचारणारा एकटाच असल्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

अडचण आली ती एका घरात अनेक विचारणारे नांदू लागले तेव्हा. पॉझिक्स थ्रेडांचे प्रमाण १९९५ साली निश्चित झाले, त्याच वर्षी जावा भाषा लोकांपुढे आली, आणि पुढील दहा वर्षांत एकाच प्रोसेसमध्ये शेकडो थ्रेड राबविणारे सर्व्हर ही सामान्य बाब होऊन बसली. फेसबुकमध्ये घडलेली आणि एप्रिल २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘थ्रिफ्ट’ ही आरपीसीची रचना नेमक्या अशा जगात अवतरली. मार्क स्ली, आदित्य अगरवाल आणि मार्क क्वियाटकोव्स्की यांनी लिहिलेल्या तिच्या परिचयनिबंधात अनेक भाषांना एकमेकींशी बोलते करण्याचे ध्येय स्पष्ट दिसते, आणि ते थ्रिफ्टने उत्तम प्रकारे साधले. परंतु तिने निर्माण केलेला साधा क्लायंट एका टीसीपी जोडणीवर बसलेला असे : तो आधी विचारणा लिहून पाठवी आणि मग त्याच जोडणीवरून जे पहिले उत्तर येईल ते आपले म्हणून वाची. संदेशाच्या शीर्षात अनुक्रमांकासाठी जागा होती. पण सी++ भाषेसाठी तयार होणाऱ्या साध्या क्लायंटमध्ये त्या जागी प्रत्येक वेळी शून्यच लिहिले जाई. सीडारमध्ये जे रकाने भरल्यावाचून पॅकेट निघत नसे, त्यांपैकी उरलेला हा एकमेव रकाना इथे कोरा राहिला होता.

अशा क्लायंटवर दोन थ्रेड एकदम बोलू लागले की दोघांचे बाइट एकमेकांत मिसळत, किंवा एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती पडे. यावर कुलूप घालावे, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला बोलू द्यावे, हा पहिला उपाय. पण त्याने शंभर थ्रेड ठेवण्याचा हेतूच नष्ट होतो. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा क्लायंट द्यावा हा दुसरा. पण २०० थ्रेड आणि ५० सर्व्हर असतील तर १०,००० जोडण्या उघड्या ठेवाव्या लागतात, आणि त्यांतील बहुतेक निजलेल्या असतात. प्रत्येक विचारणेला नवा क्लायंट जोडावा आणि काम होताच मोडावा, हा तिसरा उपाय टीसीपीच्या तीन-पदरी हस्तांदोलनाचा खर्च दरवेळी लादतो, शिवाय मोडलेल्या जोडणीचा पोर्ट काही काळ अडकून पडतो. आरएफसी ७९३ च्या हिशेबाने ही मुदत ४ मिनिटांची आहे. या तीन टोकांच्या मध्ये जी जागा उरली, तिथे पूल उभा राहिला.

साठ्यात क्लायंट किती ठेवावे, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत १९०८ पासून काम करणाऱ्या आग्नेर क्रारुप अर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनच्या संभाषणांना संभाव्यतेचे शास्त्र लावून दाखविले आणि १९१७ साली, ठरावीक तारा असताना किती विचारणारे विन्मुख परततील व किती वेळ खोळंबतील, याची सूत्रे दिली. मुंबईहून ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहणाऱ्या पिढीला हे गणित पुस्तकावाचून कळले असते : गावोगावच्या हजारो ग्राहकांना मिळून तारा मात्र मोजक्याच, आणि ज्याची पाळी येईल त्याचे संभाषण होईपर्यंत ती तार सर्वस्वी त्याची. अर्लांगच्या सूत्रातून निघणारी एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. सरासरी १० तारा गुंतून राहतील एवढा भार असून, शेकड्यात एकाहून अधिक विचारणारा परत जाऊ नये अशी अपेक्षा असेल, तर १८ तारा पुरतात. परंतु तोच भार दोन समान गटांत विभागून प्रत्येकाला वेगळ्या तारा नेमून दिल्या तर गटागणिक ११, म्हणजे एकूण २२ लागतात. सामायिकपणात जी बचत आहे तिचे हे अंकगणित आहे. सेकंदाला ५०० विचारणा येत असतील आणि प्रत्येकीस २० मिलिसेकंद लागत असतील, तर सरासरी १० क्लायंट गुंतलेले राहतात. १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेल्या नियमाने हे तोंडी काढता येते, आणि त्यावर किती शिल्लक ठेवावी हे अर्लांग सांगतो.

परंतु टेलिफोनच्या तारेत न आढळणारा एक धोका क्लायंटांच्या साठ्यात होता, आणि तो नीट समजून घेतल्यावाचून या शिरस्त्याचे बाकीचे नियम समजत नाहीत. एका थ्रेडने क्लायंट उसना घेऊन विचारणा पाठविली आणि उत्तरासाठी अर्ध्या सेकंदाची मुदत ठेवली, असे समजू. मुदत टळली, थ्रेडने अपयशाची नोंद केली आणि क्लायंट इमानेइतबारे साठ्यात परत ठेवला. उत्तर मात्र वाटेतच होते. ते आले आणि सॉकेटच्या बफरमध्ये पडून राहिले. दुसऱ्या थ्रेडने तोच क्लायंट घेतला, स्वतःची विचारणा पाठविली आणि प्रथम जे वाचले ते आधीच्याचे शिळे उत्तर. तेव्हापासून त्या जोडणीवरील प्रत्येक उत्तर एका पावलाने मागे पडते. दोन्ही विचारणा एकाच प्रोसिजरच्या असतील आणि अनुक्रमांक तपासला जात नसेल, तर कोठेही त्रुटी उमटत नाही; एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला दाखविली जाते आणि सारे काही सुरळीत चालल्याचा भास होतो. जावाच्या थ्रिफ्ट क्लायंटमध्ये पुढे अनुक्रमांकाची तपासणी आली, आणि क्रम चुकलेल्या उत्तरावर अपवाद उठू लागला. तोवर साऱ्यांचा जामीन एकच नियम होता : ज्या क्लायंटवर मुदत टळली किंवा जोडणी बिघडली, तो परत न ठेवता मोडून टाकावयाचा. अपाचेच्या कॉमन्स पूल या ग्रंथालयात उसने घेणे आणि परत करणे यांच्या जोडीला बाद करण्याचीही स्वतंत्र पद्धत आहे, ती याच कारणाने महत्त्वाची.

दुसरी बाब सर्व्हरच्या बाजूची, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले की साठाच अनर्थाचे मूळ ठरतो. थ्रिफ्टचा थ्रेड-पूल सर्व्हर प्रत्येक जोडणीमागे आपला एक थ्रेड गुंतवितो आणि जोडणी मोडेपर्यंत तो सोडीत नाही. म्हणजे क्लायंटकडे साठ्यात निजलेल्या जोडण्याही सर्व्हरचे थ्रेड अडवून बसतात. दहा यंत्रांनी प्रत्येकी पन्नास क्लायंट राखून ठेवले तर ५०० थ्रेड काहीही न करता खर्ची पडतात, आणि अकरावा विचारणारा दारातच उभा राहतो.

या शिरस्त्याचा उत्कर्ष कॅसान्ड्रा या डेटाबेसच्या आरंभकाळात पाहावयास मिळतो. त्याचे पहिले प्रवेशद्वार थ्रिफ्टचेच होते, त्यामुळे हेक्टरसारखी जावा-ग्रंथालये साठ्याची सारी व्यवस्था स्वतःकडे घेऊन लोकप्रिय झाली. मग कॅसान्ड्राने २०१३ च्या प्रारंभी आलेल्या १.२ आवृत्तीत स्वतःचा प्रोटोकॉल आणला आणि प्रत्येक विचारणेवर प्रवाहाचा क्रमांक लिहिण्यास सुरुवात केली. आरंभी एका जोडणीवर १२८ विचारणा एकदम चालू शकत, आणि तिसऱ्या प्रोटोकॉल-आवृत्तीत ही मर्यादा ३२,७६८ वर गेली. २०१५ साली आरएफसी ७५४० ने एचटीटीपी/२ चे प्रमाण निश्चित केले आणि त्याच वर्षी गूगलने त्यावर आधारलेले जीआरपीसी खुले केले. त्यातील चॅनेल कितीही थ्रेडांनी एकाच वेळी वापरावे. उत्तर कोणत्याही क्रमाने आले तरी प्रवाहाच्या क्रमांकावरून ते ज्याचे त्याला पोचते, आणि मुदत टळून प्रवाह रद्द झाला तर मागाहून आलेले उत्तर क्रमांक पाहून टाकून दिले जाते. बिरेल आणि नेल्सन यांनी खलित्यावर लिहिलेली ओळख तीन दशकांनी, वेगळ्या रूपात, परत आली होती.

साठा मात्र यामुळे संपला नाही. एका जोडणीवर एकदम किती प्रवाह चालू द्यावेत हे सर्व्हर ठरवितो. प्रमाणाची शिफारस ही मर्यादा १०० पेक्षा कमी नसावी अशी आहे, आणि ती गाठली की पुढच्या विचारणा क्लायंटच्या दारी रांगेत उभ्या राहतात. म्हणून फार मोठा भार असेल तेथे अनेक चॅनेलांचा पूल करावा, असे जीआरपीसीच्या मार्गदर्शनातच सुचविलेले आहे. या नव्या साठ्यातून कोणी काही उसने घेत नाही आणि कोणाला काही परत करावे लागत नाही. विचारणा केवळ चॅनेलांवर वाटल्या जातात. उसनवारीचा जुना जाबता अजून पाळावा लागतो तो थ्रिफ्टने बोलणाऱ्या सर्व्हरांपुढे, उदाहरणार्थ हाइव्हच्या मेटास्टोअरपुढे, जेथे साठ्यातील क्लायंटांची एकूण संख्या सर्व्हरच्या थ्रेडांशी ताडून पाहिल्याखेरीज वाढवू नये.